सुपात पाखडलेली वचनं

सत्तावीस वर्षं मी यवतमाळात ख्रिस्ती पुस्तकं विकली आणि सत्तावीस वर्षं एकाच प्रश्नाला बगल देत आले. लग्नात भेटणारी लांबची मावशी विचारते, बँकेतला कारकून विचारतो, एकदा तर ऑटोवाल्याने अर्ध्या रस्त्यात गाडी हळू करून विचारलं, "ताई, तुम्ही ख्रिश्चन झालात का?" मी नाही म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तिथे कशाला?" याचं उत्तर मी वेळोवेळी बदललं. आधी म्हणायची, घराजवळ आहे. मग म्हणायची, सवय झाली. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तर "होते, आता नाही" म्हणून सुटते. या अंकाच्या संपादकांनी फोनवर तेच विचारलं आणि वर म्हणाले, "यावरच लिहा की, सुनंदाताई." दिवाळीच्या अंकात येशूच्या दुकानाबद्दल लिहायचं म्हणजे गोंधळात भरच. पण गोंधळ माझा जुना आहे, संपादकांनी तो काही निर्माण केलेला नाही.

आमच्या माहेरी नोकरी म्हणजे सरकारी. वडील कचेरीत, काका कचेरीत, दोन्ही भाऊ कचेरीत. बाकी सगळं तात्पुरतं. मीही तात्पुरतीच गेले होते. "मराठी प्रुफं तपासता येणारी व्यक्ती पाहिजे" अशी चिठ्ठी एका स्टेशनरीच्या दुकानात चिकटवलेली होती. पत्त्यावर गेले तर चर्चच्या आवाराच्या कडेला दोन कौलारू खोल्या. पुढच्या खोलीत पुस्तकांचं दुकान, मागच्या खोलीत कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि कागद कापायचं लोखंडी यंत्र. व्यवस्थापक मनोहर सर शर्टाचं वरचं बटणही लावून बसलेले. त्यांनी मला एक पान दिलं, मी त्यात अकरा चुका काढल्या. सर म्हणाले, "उद्यापासून या." धर्म त्यांनी विचारला नाही. मला वाटलं, विसरले असतील. चार महिन्यांनी सोडायचं ठरवून मी रुजू झाले.

बाहेरच्यांना वाटतं, अशा दुकानात एकच जाड पुस्तक खपत असेल. तसं नाही. सगळ्यात जास्त खपतात गाण्यांची पुस्तकं, कारण ती घामाने आणि तेलाच्या हातांनी दोन वर्षांत फाटतात. त्याखालोखाल रविवारच्या शाळेची, म्हणजे चर्चमध्ये मुलांचा जो वर्ग भरतो त्याची, चित्रांची आणि रंगवायची पुस्तकं. मग नवदांपत्यांसाठी पुस्तिका, घरात कुणी गेलं तर द्यायच्या सांत्वनाच्या पुस्तिका, आणि साक्षींची पुस्तकं. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आपल्या आयुष्यात देवाने काय केलं हे माणूस मंडळीसमोर उभं राहून सांगतो, ती साक्ष. लोक ती कादंबरीसारखी वाचतात.

यातलं खरं अवघड काम म्हणजे कोणाला काय दाखवायचं नाही हे लक्षात ठेवणं. मंडळी म्हणजे एकेका चर्चची माणसं आणि पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू. एका मंडळीचा माणूस दुसऱ्या मंडळीच्या पाळकाने लिहिलेलं पुस्तक मेलेलं झुरळ उचलावं तसं दोन बोटांत धरायचा. टाळ्या वाजवून गाणारे लोक शांतपणे गाणाऱ्यांना "थंड" म्हणायचे, आणि शांत लोक टाळ्यावाल्यांबद्दल काहीच न बोलता फक्त भुवया उंचवायचे. गिऱ्हाईक फाटकातून आत येताना दिसलं की त्याची मंडळी ओळखून मी दोन पुस्तकं मागे सरकवायची नि दोन पुढे काढायची. सर म्हणायचे, "तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून तुम्हाला हे जमतं." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठवडी बाजारात आम्ही टेबल लावायचो. पांढरकवड्याला हायवेजवळ एकदा एका ट्रकवाल्याने माझ्याकडे स्टिकर मागितलं. "रस्त्यात सांभाळणारं द्या, कोन्याबी देवाचं चालते." त्याच्या काचेवर आधीच गणपती होता, शेजारी हिरवी अक्षरं होती, मधे बोटभर जागा उरली होती. तेवढ्या मापाचं स्टिकर मी शोधून दिलं.

दुसरी आठवण एका मुलीची. सिंहांच्या खड्ड्यात टाकलेल्या आणि सहीसलामत बाहेर आलेल्या भक्ताची गोष्ट रंगवायच्या पुस्तकात असते. सात वर्षांच्या त्या मुलीने सिंहाला पिवळा रंग द्यायच्या आधी मला विचारलं, "मग सिंहांना जेवायला काय दिलं?" मी सरांना विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "दिलं ना. ज्यांनी कागाळी केली होती त्यांनाच बायकामुलांसकट टाकलं. पण ते मुलांच्या पुस्तकात घेत नाहीत." मी चक्रावलेच. गोष्ट कुठे थांबवायची हे कुणीतरी ठरवत असतं, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे ते मीच ठरवायला लागले आणि त्यातूनच सगळं घडलं.

कमलाबाई मला घाटंजीच्या बाजारात भेटली. पन्नाशीची असेल, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून कापडाची पिशवी घेऊन आली होती. तिने टेबलावरची सगळी पुस्तकं बाजूला सारून लहान मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक उचललं. मी विचारलं, "नातवाला का?"

"नातू कायले? मलेच पाह्यजे," ती म्हणाली. "हे अक्षर मोठं हाय. बाकी तुह्यी पुस्तकं मुंग्यायवानी."

दर आठवड्याला ती यायची आणि शिकलेलं पान मला उभ्याने वाचून दाखवायची. बोट अक्षरावर ठेवायची, ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. वर्षभरात ती चित्रांच्या पुस्तकांवरून गाण्यांच्या पुस्तकावर आली, तीन वर्षांत जाड पुस्तकावर. मी तिला "तुम्ही" म्हणायची, ती मला पहिल्या दिवसापासून "तू". तिची मंडळी टाळ्यावाल्यांची. तिनेही मला तो प्रश्न विचारलाच, पण जरा वेगळा. "बाई, तू हे सारं वाचत अस्ते, तर तुले काही होत नाई काय?" मी म्हटलं, "मी चुका शोधत वाचते हो." तिला ते फार विनोदी वाटलं. पुढे ती तांड्यावरच्या बायकांना सांगायची, ही देवाच्या पुस्तकात चुका पाहते आणि तिले पगार भेटते.

आता वचनपेटी सांगायला हवी. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्याकडच्या अनेक मंडळ्यांत उपासनेनंतर एक पेटी फिरते. तिच्यात शास्त्रातल्या वचनांच्या छापील चिठ्ठ्या असतात. प्रत्येकाने डोळे मिटून एक काढायची. जे वचन येईल ते त्या वर्षाचं तुमचं. बायका ती चिठ्ठी पाकिटात, पुरुष मोबाईलच्या कव्हरखाली, म्हाताऱ्या डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवतात. मनोहर सरांना हा प्रकार मुळीच आवडत नसे. "पिंजऱ्यातल्या पोपटाने चिठ्ठी काढावी तसं चाललंय," असं ते दर डिसेंबरात एकदा म्हणायचे. पण जिल्ह्यातल्या छोट्या मंडळ्या मागायच्या, म्हणून पेट्या आमच्याकडेच तयार व्हायच्या, आणि वचनं निवडायचं काम माझ्याकडे होतं. का, तर माझी कुठलीच मंडळी नाही, म्हणून भांडण नाही.

चिठ्ठी दोन बोटं रुंद. तिच्यावर चार ओळी मावतात. पाचवी ओळ आली की अक्षर बारीक करावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते दिसत नाही. म्हणून लांब वचनं मी कापायची. त्यात माझा हात बसला होता. अर्थ न मोडता नेमकं कुठे थांबायचं ते मला कळतं, असा माझा समज होता आणि थोडा गर्वही. छापून, कापून झालं की चिठ्ठ्या मिसळायच्या. पत्त्यांसारख्या पिसायच्या नाहीत, असा सरांचा सक्त नियम. म्हणून त्या आम्ही सुपात घेऊन पाखडायचो. शिपायाच्या घरून एक सूप आणलं होतं, ते कायमचं दुकानातच राहिलं. त्या सुपात वचनं वर उडायची नि परत खाली पडायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, हे लोक तांदूळ पाखडून राहिले आहेत.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत कमलाबाईची सून सारिका दुकानात आली. बारावी शिकलेली, एरवी हसतमुख. त्या दिवशी तिने काउंटरवर एक चिठ्ठी आपटली.

"ताई, हे तुमच्याच दुकानची होय ना?"

मी पाहिलं. आमचीच होती. स्वस्थ राहा, तुमची लढाई देव लढेल, अशा अर्थाचं वचन.

"याडीच्या छातीत गाठ हाय," सारिका म्हणाली. याडी म्हणजे आई, सासूला ती तसंच म्हणायची. "नागपूरले ऑपरेशनची तारीख भेटली. डॉक्टर म्हनते, आता उशीर नोका करू. तयारी झालती सारी. अन् एक तारखेले हे चिठ्ठी निंघाली. आता म्हनते, देवानं मले सांगतलं स्वस्थ राह्य म्हनून, मी नाई जात. माह्या नवऱ्याचं ऐकत नाई, माहं ऐकत नाई. पाळक म्हनते, वचनाच्या आडवं आम्ही कसं जाव? ताई, तुम्ही लिवली, तुम्हीच काहाडा याच्यातून."

मी लिहिली नव्हती. पण कापली मीच होती. सारिका गेल्यावर मी जाड पुस्तक काढलं. प्रसंग सर्वांच्या माहितीचा आहे. गुलामीतून सुटून निघालेले लोक, पुढे समुद्र, मागून सैन्य. त्यांचा पुढारी त्यांना धीर देतो ते हे वचन. आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत देव त्या पुढाऱ्यालाच झापतो. माझ्याकडे ओरडत काय बसलास, लोकांना सांग पुढे चालायला, असा त्याचा भाव. दोन्ही मिळून सात ओळी होत होत्या. मी चारवर थांबले होते. लढाई देव लढेल एवढं मी दिलं होतं आणि चालायचं तुम्हालाच आहे हे गाळलं होतं. आयुष्यात मी र्‍हस्व-दीर्घाच्या हजारो चुका पकडल्या, आणि ही चूक मी स्वतः दरवर्षी छापत होते.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग जा आणि पुढची ओळ वाचून दाखवा."

"तुम्ही जा ना. मी काय अधिकाराने सांगू?"

"मी थंडवाला," सर म्हणाले. "माझं ती ऐकेल? तुम्हाला तरी दारात बसवेल."

ते बरोबर होतं. पण मी वाचून दाखवलं असतं तर काय झालं असतं, तेही मला दिसत होतं. चिठ्ठी तिला देवाच्या हातून आली होती. मी कोण? चुका शोधणारी बाई. चिठ्ठीला उत्तर चिठ्ठीनेच द्यावं लागणार होतं. हा विचार माझ्या डोक्यात कसा आला ते मला सांगता येणार नाही. एखाद्याला मी तो सांगितला असता तर त्याने मला हटकलं असतं, म्हणून मी कुणाला सांगितलाच नाही. कॉम्प्युटरवर बसले आणि ती खालची ओळ चिठ्ठीच्या मापात बसवली. एका पानावर अठरा. अठराही तीच. बारा पानं छापली.

कागद कापायच्या यंत्राला दोन माणसं लागतात. एकाने गठ्ठा दाबून धरायचा, दुसऱ्याने दांडा ओढायचा. मी शिपायाची वाट पाहत होते, आले सर. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि सवयीप्रमाणे वरचं पान वाचलं. मग दुसरं काढून वाचलं. मग तिसरं. मला वाटलं, आता नोकरी गेली. मग त्यांनी गठ्ठा यंत्रात सारखा केला, दाबून धरला आणि म्हणाले, "ओढा."

कापून झालं. मी चिठ्ठ्या पेटीत भरायला लागले तर म्हणाले, "पाखडायच्या नाहीत का?"

"सर, ह्या कशाला पाखडायच्या? सगळ्या सारख्याच आहेत."

"तरी पाखडा," असं म्हणून त्यांनी स्वतःच सूप घेतलं. दोनशे सोळा एकसारख्या चिठ्ठ्या ते चांगली पाच मिनिटं पाखडत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

तांड्यावर पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. कमलाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माणूस आजारी दिसत नव्हता, हेच जास्त भीतीचं. मी म्हटलं, नवी पेटी आली आहे, यंदाच्या काही पेट्यांत घोटाळा झाला म्हणून बदलून देते आहे. एवढं तर खरंच होतं. "तुम्ही परत काढा."

तिने हात पुसले. डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत होती, मग पेटीत हात घालून अगदी तळाची चिठ्ठी काढली. बोट अक्षरावर ठेवून वाचलं. ओठ आधी, आवाज मागून. वाचून झाल्यावर तिने चिठ्ठी मांडीवर ठेवली.

"चाल म्हनते," ती म्हणाली. "पुढं चाल म्हनते, सारिका."

सारिकाने तोंडाला पदर लावला. मग आनंदाच्या भरात तिनेही पेटीकडे हात नेला. "ताई, मीबी काहाडतो एक."

मी पेटी ओढून घेतली. "एका घरात एकच," मी म्हटलं. "नियम आहे."

"असा नेम आमच्या पाळकानं तं कधी नाई सांगतला," कमलाबाई म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सारिकाला चहा ठेवायला सांगितला. मी हात धुवायला मागे गेले, पाण्याचे चार हबके तोंडावर मारले, चहा घेतला आणि पहिली गाडी धरून परत आले.

ऑपरेशनच्या दिवशी मी दुकानात होते म्हणजे फक्त शरीराने होते. ती टेबलावरच गेली तर? तिला पाठवलं कोणी? देवाने नाही, डॉक्टरने नाही, मी. आणि देव खरंच असेल तर त्याच्या नावाने खोटी सही करणाऱ्याचं काय होतं, हेही त्या दुकानातल्या निम्म्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. मी ती सगळी तपासलेली होती. सकाळी एक गृहस्थ आले, त्यांची आई वारली होती. मी त्यांना बांधून दिली नवदांपत्यांसाठीची पुस्तिका. ते दारातून परत आले आणि पुस्तिका काउंटरवर ठेवली. त्यांची माफी कशी मागितली ते मला आठवत नाही.

चार वाजता सारिकाचा फोन आला. शुद्धीवर आली, पाणी मागून राहिली. मी फोन ठेवला तर सर दारात उभे.

"शुद्धीवर आल्या," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. वरचं बटण त्यांनी पहिल्यांदाच काढलं. "मी सकाळीच प्रार्थना केली होती," ते म्हणाले. "तुम्ही केली?"

मला खरंच कळेना. सकाळपासून माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, "तिला काही होऊ देऊ नको." ते कोणाला उद्देशून होतं ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही, सर."

इथे गोष्ट संपली असती तर मी ती कधीच सांगितली नसती. पण कमलाबाई बरी झाली आणि साक्ष द्यायला लागली. आधी तांड्यावर, मग घाटंजीला, मग बोरी अरबला कुणाच्या तरी मेळाव्यात. देवाने मला एकदा थांब म्हटलं, माझा विश्वास पाहिला, आणि मग चाल म्हटलं, अशी ती साक्ष. लोक रडायचे. शेवटी बायकांच्या साक्षींचं एक छोटं पुस्तक काढायचं ठरलं, त्यात तिचीही घेतली. सारिकाने ती लिहून पाठवली, आणि प्रुफं तपासायला कोणाकडे येणार? माझ्याकडेच.

इतक्या वर्षांत मी असं प्रूफ वाचलं नव्हतं. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. आठवी चूक म्हणजे सगळी गोष्टच. ती दुरुस्त करायची तर कमलाबाईच्या आयुष्यातला चमत्कार खोडायचा, आणि न करायची तर माझी लबाडी पुस्तकात छापून लोकांना विकायची. पानं घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, "साक्ष तिची आहे. तिला विचारा."

परत तांडा, परत ती ओसरी. मी तिला प्रूफ वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं, अर्धा तास लागला. मी म्हटलं, "कमलाबाई, यात एक गोष्ट खरी नाही. ती दुसरी पेटी—"

"साऱ्या चिठ्ठ्या एकसारख्या होत्या," ती म्हणाली.

हातातलं प्रूफ तिने मला परत दिलं.

"तू हात धुवाले गेलती तवा मी पेटी उघडून पाह्यली. एका घरात एक म्हने! मले अक्षर कोनं दाखोले? तूच ना? दहा चिठ्ठ्या वाचल्या मी. दहाबी त्याच."

"तेव्हाच कळलं? मग तुम्ही गेलात कशाला नागपूरला?"

"पहिली चिठ्ठी निंघाली तवा मले बरंच वाटलं होतं व बाई," ती म्हणाली आणि शेंगांच्या टोपल्यात हात घालून बसली. "मले भेव वाटून राह्यलं होतं ऑपरेशनचं. लय भेव. थे चिठ्ठी आली अन् मी तिच्याआड लपली. खालची ओळ काय मले माहीत नाई? थ्या पुस्तकातच मी वाचाले शिकली. अन् मग तू आली. इतक्या दूर, पेटी घेऊन. मले वाटलं, हे बाई तं मानतबी नाई. हिले कोनं धाडलं?"

"मला कोणी नाही धाडलं. मी माझ्या मनाने आले. ती फसवणूक होती, कमलाबाई."

"हो ना, फसवलंच तू," ती म्हणाली. "पन धाडलं कोनं?"

मी पुन्हा म्हटलं, कोणी नाही. ती पुन्हा म्हणाली, धाडलं कोनं. असं आमचं चार वेळा झालं. वाद घालण्यात मी कमी पडत नाही, पण तिथे पडले. शेवटी मी विचारलं, "मग हे पुस्तकात घालायचं का?"

ती दचकली. "नोको व! लोकं चिठ्ठ्या काहाडनं सोडून देतीन." मग म्हणाली, "अन् तुह्यी नोकरी जाईन."

साक्ष होती तशीच छापली. त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती गेल्या, आणि प्रत्येक प्रत बांधून देताना माझी नजर खाली होती. वचनपेटीचं माप मात्र मी त्या वर्षापासून बदललं. आता चिठ्ठी तीन बोटं रुंद असते आणि सात ओळी मावतात. पेटी बेढब दिसते अशी तक्रार आली. सरांनी तिकडे कानाडोळा केला.

गेल्या हिवाळ्यात कमलाबाईचा फोन आला. तपासणीत डॉक्टरांना काहीतरी शंका आली होती, पुन्हा नागपूरला बोलावलं होतं. सारिकाला लहान बाळ, मुलगा कापसाच्या कामात. "तू येतं काय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "येते. पेटी आणू का? खरी आणते, पाखडलेली."

"पेटी कायले?" ती म्हणाली. "तू ये."

नागपूरला दवाखान्यात मोठी रांग होती. खिडकीमागचा तरुण फॉर्म भरत होता. नाव, गाव, वय. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "या कोण? नातं सांगा."

मी बहीण म्हणणार होते, तेवढ्यात कमलाबाई म्हणाली, "ह्या माह्या चिठ्ठीवाल्या बाई."

"म्हणजे?"

कमलाबाईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. कुठून सुरुवात करावी ते दोघींनाही कळेना. मागचे लोक कुरकुरायला लागले. तिने माझा हात धरला होता. यावेळी तिच्याजवळ लपायला चिठ्ठी नव्हती आणि माझ्याजवळ द्यायला.

शेवटी त्या तरुणानेच त्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कागद खिडकीतून माझ्याकडे सरकवला. आयुष्यभर प्रुफं वाचली मी. तो कागद न वाचता सही केली आणि कमलाबाईला घेऊन आत गेले.